सातव्या रजिस्टरचं अस्तर

३ जुलै

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, मी सोडून. खारू तुझ्याकडे येऊन महिना झाला, पण माझा जीव टांगणीलाच आहे. परीक्षेच्या वर्षात पोरगी पुस्तक उघडलं की रडायची, म्हणून एक वर्ष थांबायला मीच हो म्हटलं. कॉलेजनेही जागा राखायचं कबूल केलं, पण 'पुढच्या वर्षी नक्की येईन' असा सही केलेला कागद वीस तारखेच्या आत त्यांच्याकडे पोचायला हवा. नाहीतर जागा दुसऱ्याला. कागद तिच्याच पिशवीत आहे. दोनदा पत्रातून विचारलं, तर तिने उत्तरात तुझ्या मांजराची हकिगत लिहिली!

रागावू नकोस, पण तूही 'एकच वर्ष' म्हणाला होतास आणि पंचवीस वर्षं बाइंडिंगची खळ ढवळतो आहेस. जातीने लक्ष घाल.

लोभ आहेच, तो वाढव. पण आधी कागद पाठव.

तुझी,
ताई

७ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. टोमणा पोचला, नेमका बसला. खारू दोन्ही वेळा नीट जेवते, शिवणीचा दोरा माझ्यापेक्षा सरळ ओढते.

आता वाईट बातमी. कागद पिशवीत नाही. ती मान खाली घालून म्हणाली, रद्दीत गेला असेल. आमच्याकडे रद्दी फेकत नाहीत, पुस्तकाच्या पाठीला अस्तर म्हणून चिकटवतात. गेल्या आठवड्यात दवाखान्याची अकरा रजिस्टरं बांधली, त्यातल्याच एखाद्याच्या पोटात तो असणार. दुसरा मागवायला दिवस उरले नाहीत. बांधलेलं काम मी जन्मात फाडलं नाही, आज सुरी घेऊन बसतो. तुला धीर धर म्हणतोय खरा, पण मीच सुरीला तिसऱ्यांदा धार लावली.

तुझ्या शिव्या खायला तयार असलेला,
धाकटा

९ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सापडला! सातव्या रजिस्टरात. ओल्या फडक्याने सोडवला. एक कोपरा गेला, अक्षरं शाबूत आहेत.

पण ताई, तो चुकून गेला नव्हता. मी अस्तर कसंही थापतो. हा कडेला कड जुळवून लावला होता, आणि त्यावर तिची सही होती. विचारलं तर रडली. म्हणाली, सही केली आणि भीती वाटली. पाठवला तर जाणं पक्कं, आणि फेकायचा धीर होईना. मी रागावणार होतो, जमलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मीही माझा कॉलेजचा कागद पाठवायला विसरलो नव्हतो. पेटीत दडवला होता, अजून तिथेच आहे. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, आज तिला सांगितलं.

तुला राग येईल, पण तिचा कागद मी टपालात टाकणार नाही. पाकिटावर पत्ता घालून तिच्या कामाच्या टेबलावर ठेवलाय. टपालकचेरी उद्या चारला बंद होते. मला स्वतःलाच अन्न गोड लागत नाही.

लोभ कमी करू नकोस.

धाकटा

१० जुलै

ती. आईस,

सा. न. वि. वि. पावणेचारला पाकीट टपालकचेरीत दिलं. दारातून दोनदा परत फिरले होते. पावती सोबत आहे, नाहीतर तुझा विश्वास बसायचा नाही. भीती गेलेली नाही, पण सांगून टाकल्यापासून झोप लागतेय.

आधी फाडलेल्या सहांच्या पाठी मामाने पुन्हा चिकटवल्या आणि दवाखान्याला दहा रजिस्टरं गेली. सातवं मी पुन्हा बांधते आहे. अस्तराला कागद हवा होता, तर मामाने पेटीतला त्याचा जुना काढून दिला. म्हणाला, नीट चिकटव, हा आता कुठे पाठवायचा नाही.

माया असू दे.

तुझी,
खारू