पहिली बाजू ताईची

चष्मेवाल्या काकांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर आम्ही दोघी बहिणी बसलो आहोत. ताईच्या मांडीवर आमची रेकॉर्ड आहे. काका एका वृद्ध बाईंच्या नाकावर फ्रेम बसवून बघत आहेत आणि आम्ही कोपऱ्यातल्या त्यांच्या प्लेअरवर डोळे लावून आहोत. "एकच बाजू हं," काका मान न वळवता म्हणतात. "दुकान आहे हे, जलसा नाही."

मृत्युपत्र लिहायला बसले आणि पहिल्यांदा हेच आठवले, म्हणून पहिल्यांदा लिहिले. आता रीतसर.

मी, खाली सही करणारी, पाणीपुरवठा खात्यात नकाशे रेखण्याचे काम करून निवृत्त झालेली अविवाहित स्त्री, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. ताईला तो पटणार नाही, पण तिचे मत मागवलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट भाची म्हणाली, "मावशी, आत्ता कशाला हे अभद्र काढतेस?" याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. आईच्या मागे माझ्याकडे आलेले हे दोन खोल्यांचे घर भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, मिळावे. आई गेली तेव्हा ताई मला म्हणाली होती, "तुला घर मिळालं. मला काय, तिची औषधांची पेटी?" हे कलम माझे उत्तर समजावे. न्हाणीघराचा नळ रात्रभर गळतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळांचे नकाशे काढले, स्वतःचा दुरुस्त झाला नाही. भाचीने आधी प्लंबर बोलवावा, मग रंगारी.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून माझ्या शेवटच्या प्रवासाचा खर्च साधेपणाने करावा. उरेल ते सगळे स्वयंपाकाच्या बाईंना द्यावे. रक्तदाबामुळे माझे खाणे अळणी झाले तेव्हापासून त्या स्वतःसाठीही वेगळे मीठ घेत नाहीत. मी बोलले तर म्हणतात, "बाई, तुमच्यासमोर बसून चवीनं खाणं बरं दिसत नाही."

कलम ३. रेखणीची पेने, त्रिकोणी पट्ट्या आणि ड्रॉइंग बोर्ड माझ्या कॉन्व्हेंट शाळेला. तिथल्या सिस्टरांनी माझा हात धरून सांगितले होते, "रेघ संपेपर्यंत श्वास सोडू नकोस." ही कामे आता संगणक करतो हे मला माहीत आहे. तरी एखाद्या मुलीने करून बघावे.

कलम ४. वरच्या मजल्यावरच्या सद्गृहस्थांनी माझी शिडी "दोन दिवसांत देतो" म्हणून नेली, त्याला बरीच वर्षे झाली. ती त्यांनाच द्यावी. निदान दिल्याचे नाव तरी माझ्या पदरात पडेल.

कलम ५. ती रेकॉर्ड.

आम्ही विकत घेतलेली ती पहिली. ताई शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, मी वळणदार अक्षरात निमंत्रणपत्रिका लिहून द्यायचे, त्यातून घेतली. गाणारी बाई आम्हाला ठाऊक नव्हती. कव्हरवर ती पाठमोरी उभी आहे, तेवढ्यावर ताईने पसंत केली. "जिला तोंड दाखवायची गरज वाटत नाही, तिचा गळा चांगलाच असणार," असे तिचे म्हणणे. ते खरे निघाले. आपल्या घरी प्लेअरच नाही, हे मात्र आम्हाला रेकॉर्ड घेऊन रस्त्यावर आल्यावर लक्षात आले. म्हणून चष्मेवाले काका.

काका एका दिवशी एकच बाजू लावत, आणि कोणती, यावरून आमची रोज जुंपायची. शेवटी ताईने वाटणी केली. पहिली बाजू तिची, दुसरी माझी; एकीच्या बाजूवर दुसरीने विचारल्याशिवाय सुई ठेवायची नाही. थोरलीने पहिली घेतली आणि फसली, कारण सर्वांत सुंदर गाणे दुसऱ्या बाजूला निघाले. माझ्या दिवशी ताई दुकानाच्या दारात येऊन उभी राहायची.

"मी ऐकायला नाही आले हं. नंबर वाढलाय का ते बघायला आलेय."

"तुला चष्मा कुठाय?"

"लागला तर?"

लग्न होऊन निघताना गाडीच्या खिडकीतून डोके काढून ती ओरडली, "माझ्या बाजूला हात लावशील तर बघ!" सगळे हसले. तिने ते कधी मागे घेतले नाही, मीही परवानगी मागितली नाही. पुढे मी प्लेअर घेतला. माझी बाजू ऐकून ऐकून खरखरते. तिची अजून स्वच्छ आहे. मी फडक्याने पुसते, पण लावत नाही. याला माया म्हणायचे की हट्ट, ते ज्याने त्याने ठरवावे.

आता मुख्य गोष्ट. कानाच्या डॉक्टरांनी ताईला सांगितले आहे की डावा कान गेलाच, आणि उजवाही फार दिवस साथ देणार नाही. यंत्र लावून बोललेले कळेल. गाणे मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखे वाटेल. हे मला भाचीकडून कळले. ताई आणि मी फोनवर रक्तदाब आणि भाजीपाला यापलीकडे जात नाही. हल्ली ती नुसते "हो, हो" म्हणायची, तेव्हा मला वाटायचे, हिचे माझ्याकडे लक्ष नाही.

वकीलबाई माझ्या मैत्रिणीची मुलगी. तिला म्हटले, माझी बाजू ताईच्या नावे कर.

"मावशी, रेकॉर्डची एक बाजू कशी देणार? अख्खी द्या."

"अगं, पण अर्धीच माझी आहे."

"मग काय, मधोमध चिरायची? आणि मृत्युपत्रातलं तुमच्यामागे मिळणार. तोवर त्यांना ऐकू येईल का?"

"म्हणूनच तर लिही ना, ताबडतोब म्हणून!"

"जिवंतपणी द्यायला कागद नाही लागत, मावशी. चपला लागतात."

तिचे बरोबर आहे. तरी मी हे कलम ठेवते, कारण ताईचा माझ्या बोलण्यापेक्षा लेखी मजकुरावर जास्त विश्वास आहे. रेकॉर्डमधला माझा वाटा, प्लेअर आणि सुयांची डबी ताईला, आणि तेही आज, मी हयात असताना. हा कागद घेऊन मी तिच्याकडे निघाले आहे. वकीलबाई बरोबर येत आहे. सही तिथेच करीन. पहिल्या बाजूवर माझा हक्क नाही. ती तिच्यासोबत बसून ऐकण्याची परवानगी मागते. आम्हा दोघींच्या मागे रेकॉर्ड भाचीला द्यावी. तिने वाटणी पाळू नये, अख्खी ऐकावी.

स्थळ: ताईच्या घरची पुढची खोली.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार: १. ताईच्या शेजारच्या शिक्षिका (सही)
२. तळमजल्यावरचे औषधविक्रेते (सही)

पहिल्या बाजूच्या मालकिणीचा शेरा, तिच्या हस्ताक्षरात:
वाचलं. परवानगी आहे. आवाज मोठा ठेव आणि माझ्या उजवीकडे बस.
(सही)