टेबल मी निवडलं

पनवेल,
६ ऑगस्ट १९९६

प्रिय दमूआत्या,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. गुडघ्याची सूज उतरली हे वाचून आईला हायसं वाटलं. आपटा इथून तासाभरावर, आणि मला दोन महिन्यांत एकदाही यायला जमलं नाही. रागावू नकोस.

बँकेच्या अटी नक्की काय आहेत, असं तू विचारलं आहेस. माझी नेमणूक टेबल टेनिसची खेळाडू म्हणून आहे. दुपारी तीनपर्यंत काउंटर, मग क्लबवर सराव. महिनाअखेरीला एक फॉर्म भरायचा असतो. किती तास सराव केला, कोणत्या स्पर्धा खेळले, आणि शेवटचा रकाना ‘निकाल’. तो रकाना इतका अरुंद आहे की त्यात एकच शब्द मावतो. दोन वर्षांत एकदा तरी जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धेला गेले पाहिजे, नाहीतर नोकरी कायम होणार नाही. माझी दोन वर्षं तीस सप्टेंबरला भरतात. मागच्या वर्षी मी पाचवी आले आणि संघ चौघींचा असतो, हे तुला माहीतच आहे.

अटलांटाचं ऑलिंपिक परवा संपलं, तेव्हापासून बँकेत सगळे मलाच जाब विचारतात. शेजारच्या काउंटरवरची नीता काल म्हणाली, “नव्वद कोटींचा देश आणि पदक एक. आणि आमच्या रुचिराबाई तीन वाजता घरी!”

“घरी नाही गं, क्लबवर.”

“तेच ते. घाम काय, आम्हालाही येतो. पंखा बंद पडला की.”

सगळे हसले, मीही हसले. मॅनेजर देवसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “तुमची मेहनत मला दिसते. पण वरच्या ऑफिसला मी मेहनत पाठवू शकत नाही, निकाल पाठवतो.” ते चुकीचं बोलले असं मला वाटत नाही.

यंदा जिल्ह्याची निवड चाचणी अठरा तारखेला आमच्याच क्लबमध्ये आहे. जुन्या टेबलाला ओल लागून मध्ये पोक आला होता, म्हणून नवं घ्यायचं ठरलं. व्यापाऱ्याने दोन टेबलं आठवडाभर पाहायला ठेवली होती. क्लबचे चिटणीस कमलाकरकाका आयुष्यभर कॅरमच खेळले. ते म्हणाले, “आमच्यात तूच एक पगारी खेळाडू. तू बोट ठेवशील ते टेबल.”

एक जाड फळीचं होतं, हलवायला चार माणसं लागतील असं. दुसरं पातळ, घडीचं, चाकं असलेलं. मी तुझ्या पद्धतीने पट्टी लावून दोन्ही तपासली. एक फुटावरून चेंडू सोडला की नऊ इंच उसळला पाहिजे. पहिल्यावर तो सगळीकडे नऊ इंच उसळला. दुसऱ्यावर थोडा कमी. मी दुसरं घ्या म्हणून सांगितलं. गणपतीत हॉल रिकामा करावा लागतो, तेव्हा घडीचं टेबल बरं. लहान मुलांना ते स्वतःचं स्वतः लावता येईल. शिवाय या दमट हवेत जाड फळी फुगली तर दुरुस्त करणं कठीण. कमिटीला सगळं पटलं. ही कारणं खरी आहेत, आत्या. मी प्रत्येक कारण दोनदा तपासून पाहिलं.

संघातल्या तीन जागा जवळजवळ ठरल्यासारख्या आहेत. चौथीसाठी मी आणि रिदा. रिदा म्हणजे मोहल्ल्यातल्या अलीचाचांची मुलगी, सतरा वर्षांची. चार वर्षांपूर्वी मीच तिला बॅट धरायला शिकवलं. तिचा फटका आता इतका जोरात येतो की मला चेंडू दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

आईचा नमस्कार.

तुझी,
रुचिरा


पनवेल,
१९ ऑगस्ट १९९६

प्रिय आत्या,

घाईत लिहिते आहे. काल मी जिंकले. २१–१७, १६–२१, २१–१४. संघात चौथी जागा मिळाली. देवसाहेबांनी आज सकाळीच वर कळवलं. संघाची यादी छापून आली की माझी फाईल कायम करण्यासाठी जाईल. आईने देवापुढे साखर ठेवली. नीताने सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाली, “आता तीन वाजता गेलीस तरी मी काही बोलणार नाही, फक्त बघेन.”

रिदा चांगली खेळली. तिचे बरेच फटके नेटमध्ये गेले. हवा दमट होती.

तू यायचं म्हणतेस, पण पाऊस कमी होऊ दे. एस.टी.च्या पायऱ्या उंच असतात आणि तुझा गुडघा अजून नाजूक आहे.

रुचिरा


पनवेल,
१ सप्टेंबर १९९६, रविवार

प्रिय आत्या,

गुरुवारी येतेस आणि आल्यावर आधी क्लबमध्ये जाऊन नव्या टेबलावर दोन हात खेळणार, असं तू लिहिलंस. ते पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष नव्हतं. तू आलीस की पिशवीतून पट्टी काढशील. एक फुटावरून चेंडू सोडशील. मग माझ्याकडे बघशील. त्या आधी मला लिहायला हवं. समोर बसून मला हे सांगता आलं नसतं.

त्या टेबलावर चेंडू सात इंच उसळतो. आत्या, मी तुला ‘थोडा कमी’ असं लिहिलं होतं. उजव्या कोपऱ्यात तर साडेसहाच. माझा खेळ मागे राहून, चेंडू कापून परत करण्याचा. चेंडू जितका मरेल तितकं माझं बरं. रिदाचा सगळा खेळ उसळीवर. चेंडू वर आला की ती मारते, आणि या टेबलावर तो वर येतच नाही. हे मला दुसऱ्या दिवशी किंवा नंतर केव्हातरी कळलेलं नाही. पट्टी हातात असतानाच कळलं होतं. मग मी खाली बसून चाकं पाहिली, घडी घालून पाहिली, आणि गणपतीची आठवण काढली.

कमिटीपुढे मी बोललेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हेच मला सर्वांत जड जातं. दम्यामुळे मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. अक्षरं तू शिकवलीस, आणि दोन ट्रंकांवर जुनं दार आडवं ठेवून खेळही तूच शिकवलास. खोटं बोलायचं नाही हे तेव्हापासून इतकं अंगात आहे की लबाडी करायची वेळ आली तेव्हा ती मी सगळी खरी वाक्यं वापरून केली.

मंगळवारी मी कमलाकरकाकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “अगं, टेबल आलं, नारळ फुटला, आता कशाला? तुझी नोकरी कायम होतेय ना? पोरं खेळतायत ना? मग गप्प बस.” त्यांनी ते प्रेमानेच सांगितलं.

बुधवारी रिदाच्या घरी गेले. तिची आई, शहाबानोचाची, शेवया करत होती. रिदाने मला गच्चीवर नेलं. मी पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं आणि म्हटलं, मी नाव मागे घेते, तू राखीव आहेस, जागा आपोआप तुझी होईल.

ती बराच वेळ वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढत राहिली.

“मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं, दीदी. टेबल मेलेलं आहे म्हणून.”

“मग बोलली का नाहीस?”

“हरल्यावर टेबलाचं नाव काढायचं नाही, असं अब्बा म्हणतात. आणि हरायच्या आधी बोलले नाही, कारण मला वाटलं तुला कळलेलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं.”

आत्या, मी कठड्याकडे तोंड फिरवलं.

“जागा तू ठेव नाहीतर दे,” ती पुढे म्हणाली. “मला जागा नको होती. मॅच हवी होती.”

काल, शनिवारी, कॉलेजच्या जिमखान्यात आम्ही खेळलो. आधी पट्टी लावली. नऊ इंच. पंच नव्हता. अलीचाचा स्कूटरची किल्ली बोटात फिरवत बाकावर बसले होते आणि गुण मोजत होते. खेळ सुरू होण्याआधी मला एक भीती होती, ती तुला सांगते. मी मुद्दाम हरेन अशी भीती. एकदा फसवल्यावर दुसऱ्यांदा दान करून मोकळं व्हायचं, तेही फसवणंच झालं असतं. म्हणून मी जीव तोडून खेळले. दोन वर्षांत इतकी चांगली खेळले नव्हते. पहिला गेम मी घेतला. तिसऱ्यात अठरा–अठरा झालं. मग तिने तीन चेंडू मारले. तिन्ही मला नुसते ऐकू आले.

रिदाने हात मिळवला. अलीचाचा म्हणाले, “बेटी, अंधार पडतोय, सोडतो तुला.” मी चालत आले.

आज सकाळी जिल्हा संघटनेला पत्र लिहिलं. नाव मागे घेते, आणि का, ते दोन्ही. त्याची नक्कल उद्या देवसाहेबांना देईन. फॉर्मवर कारण लिहायला जागा नाही असं ते म्हणतील, आणि ते खरंच आहे. तीस तारखेला काय होईल ते मला माहीत नाही. आईला काल सांगितलं. तिने विचारलं, “पगार थांबेल का?” मी म्हटलं, बहुतेक. मग तिने उगीचच माझ्या ताटात भाताचा आणखी एक घास वाढला आणि उठून गेली.

कमलाकरकाकांना पुन्हा भेटून मोठ्यांच्या सामन्यांसाठी दुसरं टेबल भाड्याने आणता येईल का ते विचारणार आहे. ते ऐकतील असं नाही.

मला क्षमा कर असं लिहिणार होते, पण फसवलं ते तुला नाही. म्हणून ते वाक्य खोडलं.

तू गुरुवारी ये. पेढे आणणार असशील तर जरूर आण. ते आता मोहल्ल्यात, रिदाच्या घरी द्यायचे आहेत. मी तुला दारापर्यंत घेऊन जाईन. आत मात्र तूच जा. त्या बुधवारनंतर मला अजून कोणी आत बोलावलेलं नाही.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
रुचिरा