टाच उचललेली बाई

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. परडीत माती घालून गहू पेरले, हात धुतले, आणि का कोण जाणे, बोर्डिंगातली एक दुपार आठवली. शनिवार. न. पलंगावर पालथी पडून वहीच्या मागच्या पानावर माझं चित्र काढत होती. (न. म्हणजे नलू. तिला पूर्ण नाव या वह्यांत कधी लागलंच नाही.) मी दारात, तिच्याकडे पाठ करून, फाटकाकडे बघत. बाबा भेटायला यायचे होते. घोट्याला डास चावलेला, म्हणून टाच उचलून चौकटीला घासत होते. न. म्हणाली, "हलू नको गं शाले, पाठ फार छान आलीय." मग चहाची घंटा झाली. बाबा त्या शनिवारी आले नाहीत, पुढच्या शनिवारी आले, चिवडा घेऊन. एवढंच.

आता न. पुण्यात जाहिरात कंपनी चालवते. मी इथे हिंगोलीत लोकांची मनं तपासते. दोघींनी एकच विषय घेतला होता, एकाच बाकावर.

२४ सप्टेंबर, बुधवार

ट्रस्टच्या दवाखान्यात गर्दी. सोमवार-बुधवार नांदेडहून डॉक्टर येतात. मी आधी बोलून, तपासून लिहून द्यायचं आणि त्यांनी गोळ्या द्यायच्या, अशी आमची वाटणी.

सु. आली होती. साखऱ्याजवळच्या तांड्यावरची. दोन वर्षांमागे नवरा, प्रकाश, ऊसतोडीला टोळीबरोबर गेला. टोळी परत आली, तो आला नाही. मुकादम म्हणतो, मधूनच निघून गेला. त्यानंतर हिने खाणं, झोपणं, बोलणं सगळं सोडलं होतं. आता वर्षभर गोळ्या चालू आहेत. ब्लाऊज शिवते, मुलीला, पायलला, शाळेत सोडते. आज हसली सुद्धा.

जाताना म्हणाली, "बाई, तुमच्या चित्रातली ती बाई फाट्यावरच्या बोर्डावर लागली."

मी बरं म्हणाले. फाईलमध्ये लिहिलं: लक्ष ठेवणे. रुग्ण रस्त्यावरची गोष्ट आपल्याशी जोडून बघायला लागला की कान टवकारायचे, हे पहिल्या वर्षात शिकवतात. वाईट वाटलं. इतकी छान सावरली होती.

चित्र म्हणजे माझ्या तपासणीचं. नोकरीच्या सुरुवातीला पुस्तकातली चित्रं वापरायचे. त्यांत सगळे कोटवाले. लोक म्हणायचे, हे सायेब कोण? मग न.ने मला इथली माणसं काढून दिली: विहीर, एसटी स्टँड, बाजेवरचा म्हातारा. तिसरं चित्र त्या शनिवारचं, फक्त फ्रॉकच्या जागी लुगडं. शेवटचं कार्ड कोरं. चित्र बघा, गोष्ट सांगा. जो तो आपलीच सांगतो. तिसऱ्याला बहुतेक बाया म्हणतात, कुणाची तरी वाट बघते. सु. तेवढी वेगळी निघाली. "वाट कशाची, बाई. निघून राहिली ती. टाच बघा ना."

२८ सप्टेंबर, रविवार

राहवलं नाही. सेनगावच्या एसटीत बसून साखऱ्याच्या फाट्यावर उतरले.

ती आहे. दोन मजले उंच. पाठ माझी, टाच माझी. कुणाचं नाव नाही, कसली वस्तू नाही. खाली फक्त दोन शब्द: वाट पाहतेस?

सोयाबीन काढून घरी निघालेल्या बाया खाली थांबून बघत होत्या. एकीने बोर्डाच्या खांबाला हात लावला आणि तोच हात कपाळाला. मी रस्त्याच्या पलीकडे उभी, डोक्यावर पदर घेऊन. कुणी ओळखेल म्हणून. पाठीवरून कोण ओळखणार?

फाईलमधली ती ओळ खोडावी लागेल. सु. खरंच सांगत होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

न.शी अखेर फोन झाला. दसऱ्याला तिला फुरसत नव्हती म्हणे. मला वाटलं ती ओशाळेल. ती खुशीत होती.

"अगं तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. बघितलंस का?" कुणाची जाहिरात, ते दिवाळीपर्यंत फोडायचं नाही असा करार आहे. चार जिल्ह्यांत लागलीय. म्हणाली, तूच सांगायचीस ना, तिकडच्या बाया ते चित्र बघून काय म्हणतात. मी तेवढं लक्षात ठेवलं. आणि, "प्रत्येकीला वाटलं पाहिजे, हे माझ्याशीच बोलतंय. तेवढं साधलं की आमचं काम झालं."

मी म्हटलं, "आमच्याकडे असं वाटलं की गोळ्या देतात."

हसली. मग हसायची थांबली. मग बोर्डिंगातल्या सांज्याची आठवण काढून फोन ठेवला. मी सु.बद्दल बोललेच नाही. रुग्णाचं नाव बाहेर काढायचं नाही, ही सवय. आज वाटतं, नावाशिवाय सांगता आलं असतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

बोर्ड बदललाय. सु.नेच सांगितलं, खुर्चीत बसायच्या आधी.

"आता लिवलंय, तो निघालाय."

डोळे लखलखीत. चार रात्री झोप नाही. अंगण दोनदा सारवते, प्रकाशचे शर्ट धुऊन वाळत घालते. मी विचारलं, हे कुणाबद्दल लिहिलंय असं वाटतं? माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तपासणीला आलेय.

बाहेर तिचा दीर, विलास. नम्र माणूस. बसतानासुद्धा खुर्ची पुसून बसतो. म्हणाला, "म्याडम, तेवढं एका कागदावर लिवून द्या, की हिचं डोकं फिरेल हाय. मंग तिला माहेरी धाडू. लेकरू राहील आमच्याकडं." प्रकाशच्या वाट्याचं रान त्याच्या बोलण्यात आलं नाही. मी वाट बघत होते, येईल म्हणून. उठता उठता आलं.

डॉक्टर तरुण आहेत, मनाने चांगले. म्हणाले, मॅडम, चित्र स्पष्ट आहे, डोस वाढवतो, तुमचा अहवाल द्या. अहवालात एक प्रश्न असतो: रुग्णाच्या समजुतीला बाहेर काही आधार आहे काय? आजवर शेकडो वेळा त्यापुढे 'नाही' लिहिलं असेल. आज पेन टेकवून बसले. तो निघालाय हे वाक्य पुण्यात बसून न.ने लिहिलं, तेही माझ्याकडून ऐकलेल्या बायांच्या गोष्टींवरून. त्या बायांत सु. आहेच. म्हणजे बोर्ड तिचंच तिला ऐकवतोय. आधार नाही कसं लिहू?

अहवाल घरी आणला. पाऊस नाही, तरी सगळं दमट.

८ ऑक्टोबर, बुधवार

डोस वाढवण्याआधी एकदा खरं सांगून बघते, असं डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी खांदे उडवले.

सु.ला जवळ बसवलं. मूळ कार्ड हातात दिलं. सगळं सांगितलं: ही मी आहे, शाळेतली. माझ्या मैत्रिणीने काढली. आता ती जाहिराती करते, कुठली तरी वस्तू विकायची आहे, तिच्यासाठी हे चित्र लावलंय. त्यात तुझ्या नवऱ्याचं काही नाही.

शांतपणे ऐकलं. कार्डावरच्या टाचेवर बोट ठेवलं. मग माझ्या पायाकडे बघितलं.

"म्हंजी बोर्ड तुमचाच हाय."

"माझा नाही गं. चित्र माझं."

"मंग तुमाला म्हाईत असंल, बाई. कुठवर आला तो?"

आतापर्यंत ती एका बोर्डाचं ऐकत होती. आता बोर्डामागे बाई आहे, तिच्या ओळखीची, दवाखान्यातली, खोटं न बोलणारी. हे मी केलं, अगदी चांगल्या हेतूने. न.लाही इतकं जमलं नसतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

न.ला सगळं सांगितलं, नावाशिवाय.

मग करार मोडून तिने सांगितलं. घरपोच सामान पोचवणारी कंपनी आहे, आता खेड्यापाड्यांत येणार. 'तो' म्हणजे सामान घेऊन येणारा पोरगा. तिसरा बोर्ड गुरुवारी: दार उघडं ठेव. धनतेरसेला कंपनीचं नाव.

मला हसू आलं. वाईट हसू. साडीचं पार्सल घेऊन प्रकाश येणार.

म्हटलं, एवढा एक फाटा वगळ. बाकी चार जिल्हे तुझे. म्हणाली, छापून गेलंय, लावणारे वेगळे, पण मी सांगते, नक्की सांगते. मग एकदम, "शाले, त्या दिवशी तू बाबांची वाट बघत होतीस ना? मी जन्मभर तेच धरून बसलेय. मला वाटायचं, इतकी कुणाची वाट बघणारी माणसं मी पाहिली नाहीत."

"डास चावला होता."

"काय?"

"घोट्याला. खाजवत होते."

मग म्हणाली, वाट पण बघत होतीस. मी म्हटलं, हो, वाट पण बघत होते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अहवाल दिला. त्या प्रश्नापुढे लिहिलं: आधार आहे. सोबत बोर्डाचा फोटो जोडला. त्याखाली: झोप नाही, धोका आहे, एकटीला सोडू नये, मुलीपासून तोडू नये.

डॉक्टरांनी दोनदा वाचला. "मॅडम, असं लिहून चालत नाही. आजारी आहे की नाही?"

"आहे. आणि बरोबरही आहे."

"हे कोणत्या रकान्यात घालू?"

रागावले नाहीत, थकलेले होते. सोमवारी भरती करायचं ठरलं. विलास आणून सोडेल. त्याला अहवाल दाखवू नका, एवढं कबूल करून घेतलं. सु. आज आली नव्हती. तिच्या ऐवजी विलास, तिच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन. दोन न फोडलेली. "खात न्हाई म्हणती. म्हणती, झोप लागली तर दार कोण उघडील."

मग तिला आजच का नाही आणलंस, विचारलं. म्हणाला, सोयाबीन पडून हाय, म्याडम.

संध्याकाळी शेजारच्या मंदाताई वाटीत भाजी घेऊन आल्या. म्हणाल्या, चेहरा काहून असा? फाट्यावरचा बोर्ड बघितला का, विचारलं. लाजल्या. "आमच्या भावकीत सगळ्या बाया त्याच्यावरच बोलून राहिल्या. मला तर वाटतं माझं पोरगंच यायचंय दुबईहून."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. सकाळी विलासचा फोन.

सु. घरात नाही. दार सताड उघडं. पायल झोपलेली, अंगावर पांघरूण नीट खोचलेलं, उशाशी पाण्याचा तांब्या. प्रकाशचे दोन शर्ट नाहीत, सु.च्या चपला नाहीत. मुकादमाने यंदा दिवाळीआधीच टोळी उचलली, पहाटे तांड्यावरून दोन ट्रक गेले. तिला चढताना कुणी पाहिलं नाही. कुणी न चढतानाही पाहिलं नाही. माणसं कालव्याच्या बाजूला बघून आली, म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

फाट्यावर काल तिन्हीसांजेला बोर्ड बदलला. दार उघडं ठेव. न.ला फोन केला. तिने सांगितलं होतं. लावणाऱ्याने ऐकलं नाही, की त्याला कुणी कळवलंच नाही. रडत होती. मला रडायला वेळ नव्हता.

चपला नेल्यात, हे मी धरून आहे. टाच उचललेली बाई निघालेली असते, हे तिनेच मला सांगितलं होतं. कुठे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

जीप सांगितलीय. आधी तांड्यावर, मग कालव्याने, मग टोळी ज्या कारखान्याकडे गेली तिकडे. किती दिवस, माहीत नाही. गुडघ्याचा पट्टा, रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या. वही टेबलावर उघडी ठेवते आहे. मंदाताई, हे पान तुमच्यासाठी, आधीची वाचली तरी चालतील.

सु.ची फाईल फक्त डॉक्टरांच्या हाती. विलास कितीही नम्रपणे मागायला आला तरी नाही.

चित्रांचा पुठ्ठ्याचा डबा कपाटात वर आहे. तोही डॉक्टरांना. वापरतील तर वापरोत, पण प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी म्हणावं.

त्यातलं तिसरं काढून ठेवलंय. ते पुण्याला न.ला. सोबत चिठ्ठी नाही. तिला कळेल.

कोरं कार्ड पायलला. खणात रंगीत खडूंची पेटी आहे, तीही. काय काढ, ते तिला सांगू नका.

घटातले गहू मी विसर्जनाला टाकले नव्हते. खिडकीत पिवळे पडलेत. ते गाईला घाला, आज वसुबारस आहे.

आणि मी नसताना सु. इथे आली तर तिला काही विचारू नका. भात करून वाढा. माझ्या पलंगावर निजवा आणि झोपू द्या.

जीप आली. दार नुसतं ओढून घेते आहे. कडी लावलेली नाही.