बाबांच्या हातांनी मोजलेलं विमान

तिश्नोव, ८ जून १९९७

प्रिय वीतेक,

नव्वद साली, वीस वर्षांनी, कॅनडाहून पुन्हा तुझं पत्र आलं, तेव्हा तू बजावलं होतंस की बाबांबद्दल एक अक्षरही कळवायचं नाही. सात वर्षं मी ते पाळलं. नाताळच्या कार्डांवर बागेतले जर्दाळू, माझ्या यार्मिलची दुखरी कंबर, इथली थंडी सगळं लिहिलं, पण बाबा माझ्याच घरात राहतात हे लिहायचं टाळलं. आज टाळणार नाही. चिडलास तरी शेवटपर्यंत वाच. माझ्यासाठी एवढं कर.

बाबा एक्याऐंशीचे झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे जायला लागले. मधलं काहीच दिसत नाही, कडेचं धूसर दिसतं. "समोरच्या माणसाचे मला फक्त कान दिसतात, आणि बहुतेकांचं तेवढंच बघण्यासारखं असतं," असं ते डॉक्टरांना म्हणाले होते. पण घरी आल्यावर असले विनोदही थांबले. वाचन सुटलं, फिरणं सुटलं. चुलीजवळ खुर्ची ओढून दिवसभर बसायचे. मी इस्पितळात रडणारी मुलं सांभाळते, त्याची मला सवय आहे. घरी येऊन ती न हलणारी पाठ पाहिली की मात्र जीव तुटायचा.

कॉकपिटचं खूळ यार्मिलचं. तो बसडेपोत पत्रेकाम करतो, हे तुला माहीत आहे. ब्र्नोच्या एका हौशी क्लबाला प्रदर्शनासाठी स्पिटफायर या महायुद्धातल्या इंग्रजी लढाऊ विमानाचं पूर्ण मापाचं कॉकपिट हवं होतं, आणि यानं ते अंगावर घेतलं. नकाशे मिळाले ते अर्धवट. यार्मिल म्हणाला, "ज्या माणसानं त्या विमानात तीनशे तास काढले तो आपल्या चुलीपाशी बसलाय, आणि मी कागद चिवडतोय." बाबांनी त्याला उडवून लावलं. "जावईबापू, कोंबड्यांच्या शेडमध्ये विमान बांधताय, निदान अंडी तरी देईल का ते?" यार्मिल आठवडाभर कागदच चिवडत राहिला. मग एकदा जेवताना, मी लसणाचं सूप वाढत होते तेव्हा, त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, चाकं वर घ्यायचा दांडा कुठल्या हाताला होता?"

बाबांनी चमचा खाली ठेवला. उजवा हात पुढे नेला आणि हवेत एका जागी मूठ वळून थांबवला. यार्मिल धावत जाऊन टेप घेऊन आला. खुर्चीच्या पाठीपासून त्या मुठीपर्यंतचं अंतर त्यानं मोजलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं. "हात हलवू नका, बाबा." "मी नाही हलवत. तुझी टेप हलतेय." सूप गार झालं. त्या जेवणात सात मापं झाली.

पुढचे दोन हिवाळे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. प्लायवूडच्या आडव्या फळ्या, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि रिव्हेट किती ते यार्मिललाच ठाऊक. खऱ्या डायल परवडण्यासारख्या नव्हत्या, म्हणून छापलेल्या चकत्या काचेमागे बसवल्या. विमान वळवायच्या मधल्या दांड्याच्या टोकाला गोल कडं असतं, ते वाकवलेल्या नळीचं केलं आणि त्यावर चामड्याची पट्टी मी गुंडाळली. पाठीची गादीही मीच शिवली. बाबा सांगाड्यात बसायचे, डोळे मिटून हात फिरवायचे आणि निकाल द्यायचे. "दोन बोटं खाली." "हे फार गुळगुळीत झालं, माझ्या वेळी इथं बोट कापायचं." एकदा म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण वास चुकलाय." यार्मिलनं तेलाचं आणि पेट्रोलचं फडकं सीटखाली कोंबलं. बाबांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "आता कुणीतरी ओकायला हवं, मग झालं." कित्येक वर्षांनी मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

वीतेक, आपल्याला लहानपणी काय माहीत होतं रे? बाबा वीटभट्टीवर काम करतात, त्यांच्या कानात तांबडी धूळ असते, आणि इंग्लंडचं नाव घरात काढायचं नाही, एवढंच. तुला कपाटाखाली तो फोटो सापडला होता, विमानाच्या पंखावर बसलेले बाबा. त्यांनी तो तुझ्या हातून घेतला, उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "हा दुसराच कुणीतरी आहे." ते आपल्याला खरं वाटलं होतं. इंग्लंडच्या बाजूनं युद्ध जिंकून परत आलेल्या माणसाला त्याच कारणानं आपलेच कम्युनिस्ट वायुदलातून हाकलून विटा उचलायला लावतात, हे दहा वर्षांच्या पोराला कसं कळावं? त्या सांगाड्यात बसून बाबांनी मला जेवढं सांगितलं, तेवढं आईलाही कधी सांगितलं नसेल.

पंचवीस मेच्या रविवारी, दुपारी, काम पुरं झालं. यार्मिल क्लबाला फोन करायला आत गेला. डावीकडचं छोटं दार उघडून मी बाबांना बसवलं. त्यांनी इंग्रजीत काहीतरी पुटपुटत एकेक गोष्ट हातानं तपासली. मग मला समजावलं. विमान जमीन सोडतं तेव्हा उजवा हात चाकांच्या दांड्याला लागतो, म्हणून डावा हात इंजिनाच्या थ्रॉटलवरून उचलून मधल्या दांड्यावर आणावा लागतो. त्या हाताच्या अदलाबदलीत नवख्याचं विमान हवेत डुचमळतं, आणि खाली उभे असलेले हसतात. "वीतेकला हे जमलं असतं," ते म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "तो माझ्यावर रागावला त्यात त्याची चूक नाही. तो सुट्टीला नाही, देश सोडून कायमचा चाललाय हे मला कळलं होतं. मी निरोप घेतला नाही. उद्या कुणी विचारलं तर मला काही माहीत नव्हतं असं म्हणता यावं, म्हणून तासभर आधीच कामावर गेलो. त्याला वाटलं असेल, बाप भित्रा आहे."

मला तिथं गप्प राहता आलं असतं. इतकी वर्षं राहिलेच होते. पण मी त्या दाराला धरून उभी राहिले आणि त्यांना सांगितलं, ते आता तुला सांगते. सत्तर सालच्या फेब्रुवारीत तुला जे पत्र मिळालं, 'आजपासून मला मुलगा नाही, या घराला पत्र पाठवू नकोस,' ते बाबांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. शाळेच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं, की भाऊ परदेशी पळालाय, तेव्हा घरानं त्याच्याशी संबंध तोडल्याचा कागद आला तरच परिचारिकेच्या शाळेला माझं नाव पुढे जाईल. बाबा असं लिहिणार नाहीत हे मला माहीत होतं. मी सतरा वर्षांची होते. प्रगतिपुस्तकावर त्यांची सही मी कितीदा मारली होती, तशीच मारली. एक प्रत शाळेत दिली, एक तुला पाठवली, कारण तुझी पत्रं येत राहिली तर सगळं उघडं पडेल अशी भीती होती. त्या कागदावर मी परिचारिका झाले.

बाबांनी विचारलं, "त्यानं ते खरं मानलं?" मी हो म्हणाले. "मला बाहेर काढ," एवढंच बोलले. चार दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत, यार्मिलनं वाढलं तर खायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि जवळ बसवलं. माझा हात हातात घेतला. मग म्हणाले, "तुला तसं करायला लावणारे मोठे होते, तू नव्हतीस. पण त्याला तूच लिहायचंस. आणि माझ्याकडून एवढंच लिही, की त्या सकाळी मी विटांच्या ढिगावर चढून उभा होतो. तिथून रूळ दिसतात. त्याची गाडी गेली ती मी पाहिली. टोपी काढली होती, पण त्याला कुठून दिसणार?"

मी तुझ्याकडे माफी मागत नाही, ती तू द्यायची तेव्हा दे, नाहीतर नको देऊस. पण बाबांकडे ये. प्रदर्शन सप्टेंबरात आहे, तोवर कॉकपिट आमच्याच शेडमध्ये आहे, आणि त्यात बसायला ते आता कुणालाही देत नाहीत. माझ्या नावाखाली बाबांची तिरकी सही आहे. कागदावर पेन कुठं टेकवायचं ते मी दाखवलं, बाकी सगळं त्यांचं आहे. ते जुनं पत्र तुझ्याकडे असेल, तर दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहा.

तुझीच,
क्वेता

बेद्रिख कोउदेला