पेटी वाजवणारे हात

मोहर्ली

सौ. सुगंधाबाईस जंगलातून आशीर्वाद.

इथी सगळं ठीक आहे. तुझी कंबर कशी आहे?

होळीनंतर जंगलात वणवा लागला. तो विझवताना माझे हात भाजले. जखमा भरल्या आता, काळजी करू नको. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

काल पेटी घेऊन बसलो, पण बोटं नीट वाकली नाईत. गावचे दंडारवाले नाटकात पेटी वाजवाले कवापासून बोलवून राह्यले.

साहेबांले म्हटलं, नोकरी सोडतो. ते म्हणाले, "रेंजर, थोडी वर्षं काढा, पुरी पेन्शन भेटन."

म्हटलं, "पेन्शन घ्याले हात पुरतीन साहेब, पेटी वाजवाले नाई पुरणार."

फार थकलो, सुगंधा. तू नाई म्हटलं तर नोकरीत राहीन. पण म्हणू नको.

देवाजी