बालवर्गाचे शिंपीकाका

रविवार, ४ ऑगस्ट

झाले प्रमुख! बाकी सगळ्यांनी खाली माना घातल्या, माझी चुकून वर राहिली. आजपासून चर्चचं संडे स्कूल माझ्या गळ्यात. वर्ग आहेत, मुलं आहेत, शिकवायला माणसं नाहीत. उपासनेनंतर एकेकाला दारात गाठलं. ‘प्रार्थना करून सांगते’ — म्हणजे नाही. आजवर मीही हेच सांगत आले, तेव्हा रागावणार कुठल्या तोंडाने?

पाळकसाहेबांचा आग्रह एकच. मुलांच्या खोलीत कायम दोन मोठी माणसं, आणि दोघांचंही मुलांकडे लक्ष हवं.

बुधवार, ७ ऑगस्ट

बालवर्गाचं काय करू? तिथे शिंपीकाका. मी फ्रॉक घालून त्या वर्गात बसायचे तेव्हाही तेच होते. कापडाच्या तुकड्यांच्या बाहुल्या करतात आणि गोष्ट सांगतात. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर.

पण परवाच्या रविवारी एक पोरगी मागच्या दाराने थेट रस्त्यावर गेली. दूधवाल्याने उचलून आणली म्हणून बरं. दार करकरलं, ती हाका मारत गेली — काकांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांच्या मदतीला असते ती कॉलेजातली चिमणी म्हणाली, “मी मुलांकडे बघू की काकांकडे?” बरोबर आहे तिचं.

हे म्हणाले, “सरळ सांग ना, काका, तुम्हाला ऐकू कमी येतं.” ह्यांचं काय जातंय सांगायला!

रविवार, ११ ऑगस्ट

सांगितलं. नाही, सांगितलं नाही.

काका बाहुल्या पिशवीत भरत होते. मी कानाशी जाऊन म्हटलं, पुढच्या रविवारपासून तुम्ही दारात स्वागताला उभे राहा. त्यांनी विचारलं, “का गं? माझं काही चुकलं का?” तेव्हा खरं सांगायला जीभच रेटेना. बोलून गेले, “पाळकसाहेबांनी ठरवलंय.”

आमच्या चर्चच्या मंडळीत एवढं म्हटलं की कोणी वाद घालत नाही. त्यांनीही घातला नाही. पिशवी माझ्या हातात दिली. “असू दे इथेच. मुलांच्या आहेत त्या.”

पाळकसाहेबांना यातलं काही ठाऊक नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट

किती सोपं गेलं. तेच टोचतंय.

रविवार, १८ ऑगस्ट

काका दारात नव्हते. मागच्या बाकावर बसले आणि आशीर्वाद संपताच घरी गेले. उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या खोलीत त्या दोघांचा चहा ठरलेला — मला कळायला लागल्यापासून. भांडताहेत असं वाटावं इतक्या मोठ्याने बोलायचे, पाळकसाहेब काकांना ऐकू जावं म्हणून आणि काका सवयीने. आज हजेरी द्यायला गेले तर पाळकसाहेब एकटेच. टेबलावर दोन कप, एक पालथा.

“बालवर्गाला दुसरं माणूस मिळालं ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि पळ काढला.

मिळालंय. काकांच्या जागी आलेल्या नर्सबाई आणि चिमणी, दोघींनी वर्ग छान सांभाळला. मुलं सुरक्षित आहेत. काढलं ते बरोबरच केलं, अजूनही वाटतं. पण ज्या तऱ्हेने केलं — लाज वाटते मला. एका म्हाताऱ्याचा जिवलग मित्र तोडला मी, स्वतः वाईट दिसू नये म्हणून.

रविवार, २५ ऑगस्ट

पाळकसाहेबांचा झगा खांद्यावर उसवलाय. त्याला आजवर काकांशिवाय कोणी सुई लावलेली नाही. नर्सबाई म्हणाल्या, “द्या, मी टाका घालते.” म्हणाले, “राहू द्या.” तसाच घालून उपदेशाला उभे राहिले. उपदेशातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही, मी आपली त्या खांद्याकडे बघत बसले.

दुपारी ताट पुढ्यात घेऊन नुसती चिवडत होते. ह्यांनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत. “आधी काकांकडे जा. पाळकसाहेबांकडे मग.”

गुरुवार, २९ ऑगस्ट

काकांच्या दुकानावरून गेले. आत गिऱ्हाईक होतं. नसतं तरी पाय आत वळला असता असं नाही.

शनिवार, ३१ ऑगस्ट

गेले. सगळं सांगितलं — ओरडून, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल असं. मीच काढलं तुम्हाला, पाळकसाहेबांना पत्ताही नव्हता.

काकांनी मशीन थांबवलं. रागावले नाहीत. माझी कीव आल्यासारखं बघत राहिले.

“त्यांची बाजू घ्यायला आलीस होय? अगं पोरी, तू सांगितलंस त्याच संध्याकाळी मी गेलो होतो त्यांच्याकडे. तोंडावर विचारलं, मला तुम्ही काढलंत का? म्हणाले, हो, मीच काढलं.”