तिसऱ्या रांगेतल्या सात शिळा

मी, कृष्णकांत विनायक देवस्थळी, वय ५४, रेल्वेच्या डब्यांवर अक्षरे रंगवण्याच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्त, राहणार अण्णा नगर, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, त्याची शस्त्रक्रिया ३० ऑगस्टला आहे. कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती घरात आहे आणि ती भाजी आणायला गेली आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी विद्युलता हिला, तिच्या पश्चात मुलगी रुचा हिला.

२. माझे अकरा कुंचले रुचाला. ती अक्षरे संगणकावर काढते, म्हणजे वापरणार नाही. तरी ते उभे ठेवू नयेत, केस वाकतात.

३. ज्यू कबरस्तानाची नोंदवही. १९८९ साली तिथल्या फाटकाची पाटी रंगवायला गेलो होतो. आत एका शिळेवर हिब्रूखाली मराठी दिसले: 'एलोजी आष्टमकर, रेल्वे गार्ड'. मद्रासेत मराठी, आणि तेही रेल्वेचे! एलोजी हे कोकणातले मराठी ज्यू. त्यांची कन्या सारामावशी, निवृत्त परिचारिका, हिने मला हिब्रू अक्षरे शिकवली. पुढचे मी स्वतः शिकलो. वहीत सेहेचाळीस शिळा आहेत. प्रत्येकीचे माप, दगडाची जात आणि पूर्ण मजकूर आहे. झिजलेली अक्षरे मी आरशाने तिरपे ऊन पाडून वाचली, खडू चोळून एकही नाही, त्याने दगड झिजतो.

मूळ वही कबरस्तानाच्या विश्वस्तांना द्यावी, छायाप्रत मागेल त्याला. एका प्राध्यापकांनी मला विचारले होते, "आपलं शिक्षण?" मी म्हणालो, "दहावी. दोनदा." त्यांनी माझे वाचन स्वतःच्या नावावर छापले, वर दोन चुका घातल्या. त्यांनाही प्रत द्यावी. त्या दोन जागी लाल खूण करावी.

४. हे कलम लिहायला नऊ वर्षे लागली. १९९८ साली पावसाचे पाणी तुंबते म्हणून कबरस्तानात भराव घालायचे ठरले. तिसऱ्या रांगेतल्या सात शिळा काढून परत बसवायच्या होत्या. काम गवंडी गुरुमूर्तीकडे होते. मी शिळांच्या पाठीवर गेरूने १ ते ७ आकडे घातले, ते उजवीकडून, कारण हिब्रू उजवीकडून वाचतात. आपल्याला हिब्रू येते याची तेव्हा फार ऐट होती. गुरुमूर्तीला हे सांगितले नाही. त्याने सगळे जग मोजते तसे डावीकडून मोजले आणि ओळंबा लावून सातही शिळा काटेकोर बसवल्या. उलट्या क्रमाने.

आठ दिवसांनी फोटो धुऊन आले तेव्हा मला कळले. मी कोणाला सांगितले नाही. विश्वस्तांना एवढेच म्हणालो, "त्या गवंड्याला आकडे कळत नाहीत, पुन्हा बोलावू नका." त्याला पुन्हा बोलावले नाही. का, ते त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही.

सारामावशी आता एक्याऐंशीची आहे. दरवर्षी वडिलांच्या स्मृतिदिनी ती शिळेवर खडा ठेवते. त्यांच्यात फुले नाहीत, खडा. एलोजींची शिळा क्र. २ ची. ती आज क्र. ६ च्या जागी, बगदादहून आलेल्या कोणा राहेलबाईच्या डोक्याशी उभी आहे. म्हणजे नऊ खडे भलत्याच बाईला गेले.

माझ्या मृत्यूनंतर या सात शिळा विश्वस्तांच्या परवानगीने, माझ्या ठेवीतून, मूळ जागी बसवाव्यात. शनिवारी काम करू नये, तो ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. गवंडी गुरुमूर्तीच असावा.

५. माझा ओळंबा गुरुमूर्तीला द्यायचा होता. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून तो आजच त्याच्या हातात दिला.

चेन्नई, गुरुवार, दि. ९ ऑगस्ट २००७
सही: कृष्णकांत वि. देवस्थळी
साक्षीदार: १. गुरुमूर्ती, गवंडी २. अनंतकृष्ण, शेजारी

पुरवणी

९ तारखेला सही करण्यापूर्वी गुरुमूर्तीने कलम ४ अनंतकृष्णांकडून तमिळमध्ये दोनदा वाचून घेतले. मग मला म्हणाला, "सार, पुन्हा बोलावलं नाही, तेव्हा मला वाटायचं माझं सिमेंट कमी पडलं." थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही मरेपर्यंत मी का थांबू? माझे गुडघे थांबतील का?"

विश्वस्तांची परवानगी मी स्वतः आणली. त्यांना कारणही सांगितले. आज काम झाले. सहा शिळा हलवल्या. क्र. ४ हलवावी लागली नाही. मधली शिळा दोन्हीकडून मधलीच.

सारामावशीला खुर्ची टाकून बसवले होते. तिला सगळे मीच सांगितले. ती म्हणाली, "नऊ वर्षं, कृष्णा? आणि शिळा वाचताना माझी अक्षराची शेपटी चुकली तर मलाच ओरडायचास." मग तिने पर्स उघडून दोन खडे काढले. एक वडिलांच्या शिळेवर ठेवला. दुसरा राहेलबाईच्या.

"हा कशाला?" मी विचारले.

"तिला सवय झाली असेल रे."

सबब कलम ४ मधील शेवटचा परिच्छेद रद्द. त्याऐवजी: सारामावशीच्या पश्चात दरवर्षी एलोजींच्या स्मृतिदिनी दोन खडे ठेवावेत. मी असलो तर मी ठेवीन, नसलो तर रुचाने. क्र. २ आणि क्र. ६, उजवीकडून मोजून.

चेन्नई, रविवार, दि. २६ ऑगस्ट २००७
सही: कृष्णकांत वि. देवस्थळी
साक्षीदार: तेच दोघे. गुरुमूर्तीच्या सहीला सिमेंट लागले आहे, ती खाडाखोड समजू नये.